बायकांचा नाताळ एका दिवसाचा

आयर्लंडमध्ये ६ जानेवारीला नाताळाचे बारा दिवस संपतात. तिथल्या भाषेत या दिवसाला ‘नॉलिग ना मन’ म्हणतात, म्हणजे बायकांचा नाताळ. इतके दिवस रांधून, वाढून, उष्टी काढून थकलेल्या बायकांनी त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, घर पुरुषांनी सांभाळायचं. बायका एकमेकींकडे जातात, चहा-केक घेतात, गप्पा मारतात. कॉर्क आणि केरी भागात ही चाल जास्त टिकली. अलीकडे शहरांतही तिला नवा जोर आला आहे.

‘बघा, त्यांची संस्कृती स्त्रीचा किती मान राखते’ असं कौतुक कुणी करेल. आम्हाला ते पटत नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, म्हणून तो शेताचा मालक होत नाही. एक दिवस सुट्टी द्यावी लागते, यातच उरलेले दिवस ते काम कोणाच्या गळ्यात आहे हे कळतं.

बरं, ही नुसती रूढीही नव्हती. १९३७ च्या आयरिश संविधानाचं कलम ४१.२ स्त्रीच्या घरातल्या जीवनाचा गौरव करतं आणि आर्थिक गरजेपोटी आईला घरची कर्तव्यं टाकून कामाला जावं लागू नये म्हणून राज्याने झटावं, असं सांगतं. गौरव कागदावर. व्यवहारात सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागे! ही अट १९७३ मध्ये गेली, ती स्त्री संघटनांच्या रेट्याने. सण तर त्याआधीही दरवर्षी साजरा होतच होता.

मार्च २०२४ मध्ये हे कलम बदलण्याचा प्रस्ताव सार्वमतात मोठ्या फरकाने पडला. विरोधात मत देणारे सगळेच प्रतिगामी होते असं मात्र समजू नये. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेकांना नवा मजकूरच तोकडा वाटला. काळजीचं ओझं तो पुन्हा कुटुंबावरच टाकतो, असा त्यांचा आक्षेप होता.

आपल्या संविधानाने मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना याच आयरिश संविधानातून घेतली. स्त्रीला घरात बसवणारं कलम मात्र घेतलं नाही. उलट कलम ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन लिहिलं गेलं.

बायकांचा नाताळ बंद करा, असं आमचं म्हणणं नाही. वर्षातून एकदा का होईना, बायका पुरुषांच्या परवानगीशिवाय एकत्र बसतात, हे थोडं नाही. प्रश्न ७ जानेवारीच्या सकाळचा आहे. तो आपल्यालाही लागू आहे. जयंतीच्या भोजनदानाला पहाटेपासून पोळ्या कोण लाटतं, आणि मंचावर किती जणी बसतात? वस्तीतल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही हा विषय मांडणार आहोत, स्वयंपाकाची पाळी लावण्याच्या ठरावासह.