पाठ दुखतेय? मग किडनी गेली!

गेल्या रविवारी मामाचा फोन आला. मामा म्हणजे आमच्या घरातला मोस्ट हॅपनिंग माणूस. बासष्टाव्या वर्षीही गड चढताना सगळ्यांच्या पुढे. पण यावेळी आवाज जरा जास्तच खुशीत होता. ‘अगं, औषध लागू पडलं बघ! लघवीचा रंगच बदलला. सगळी घाण बाहेर पडतेय.’

बॅकग्राऊंड सांगते. मार्चमध्ये मामाचं क्रिएटिनिन ३.४ निघालं. डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं, दर महिन्याला रक्त तपासा म्हणाले आणि जाता जाता ‘पुढेमागे डायलिसिस लागू शकतं’ असंही म्हणाले. मामाने फक्त हे शेवटचं वाक्य ऐकलं. मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एका बाटलीचा फोटो पाठवला. नो केमिकल्स, किडनी नव्यासारखी. झालं! बीपीची गोळी बंद, बाटली सुरू.

मी मास कॉमवाली. औषधांतलं मला शून्य कळतं, जाहिरातीतलं थोडंफार कळतं. म्हणून रात्री जागून किडनीच्या औषधांच्या जुन्या जाहिराती वाचत बसले. जुन्या म्हणजे किती? तर पार १८८०च्या दशकातल्या, अमेरिकेतल्या. आणि बॉस, मामाची बाटली मला तिथेच सापडली!

तेव्हा किडनीच्या दुखण्याला ‘ब्राइट्स डिसीज’ म्हणायचे. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरने १८२७मध्ये त्याचं वर्णन केलं. चमच्यात लघवी घ्यायची, मेणबत्तीवर धरायची, आतलं प्रोटीन गोठून पांढरं झालं की समजायचं. निदान झकास, पण उपाय? जवळजवळ काहीच नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनाही हाच आजार होता. पदावर असताना त्यांनी तो लपवला आणि १८८६मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी ते गेले. म्हणजे सगळ्यांना धास्ती, आणि डॉक्टरांचे हात रिकामे. धंद्याला याहून चांगली जागा कुठली?

ही जागा बरोब्बर हेरली ती एच. एच. वॉर्नर नावाच्या सेल्समनने. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये हा गडी तिजोऱ्या विकायचा. मला ब्राइट्स डिसीज झाला होता, एका औषधाने बरा झालो, अशी त्याची स्टोरी. १८७९मध्ये त्याने ‘वॉर्नर्स सेफ किडनी अँड लिव्हर क्युअर’ बाजारात आणलं. सेफ म्हणजे सुरक्षित आणि सेफ म्हणजे तिजोरीसुद्धा! बाटलीच्या काचेवरच तिजोरीचं चित्र उठवलेलं. आतल्या द्रवात अल्कोहोल होतं, त्यामुळे चमचाभर घेतल्यावर बरं वाटायचंच, त्यात नवल काय! पैसा इतका आला की त्याने चक्क एक वेधशाळा बांधली आणि नवा धूमकेतू शोधणाऱ्याला २०० डॉलरचं बक्षीस ठेवलं. नॅशव्हिलच्या एका फोटो स्टुडिओत काम करणाऱ्या एडवर्ड बर्नार्डने एकापाठोपाठ धूमकेतू शोधले आणि त्या बक्षिसांवर घर बांधलं. पुढे तो मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला. किडनीच्या रुग्णांच्या पैशांतून एवढं एक काम तरी चांगलं झालं म्हणायचं. वॉर्नर स्वतः १८९३च्या मंदीत बुडाला, बाटली मात्र त्याच्याशिवायही विकली जात राहिली. १९०६मध्ये अमेरिकेत खोट्या लेबलांविरुद्ध कायदा आला, तेव्हा नावातलं ‘क्युअर’ जाऊन ‘रेमेडी’ आलं. काय फरक पडला, तुम्हीच सांगा.

पण माझ्या मते खरे उस्ताद ‘डोन्स बॅकएक किडनी पिल्स’वाले. यांनी पाठदुखीच पकडली. पाठ दुखते? थकवा येतो? सावधान, किडनी! आता मला सांगा, पाठ कुणाची दुखत नाही? रोज नऊ-नऊ तास खुर्चीत बसून माझीही दुखते. आणि किडनी बिघडायला लागते तेव्हा बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, मोठी गोची ती आहे. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांच्या किडन्या ठणठणीत, त्यांची पाठ आपोआप थांबायची आणि क्रेडिट गोळीला. १९०९मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ नावाचं पुस्तक काढलं. अशा औषधांचं रासायनिक पृथक्करण करून त्यांनी आत काय आहे ते सरळ छापून टाकलं. डोन्सच्या गोळीत काय निघालं? जिनला ज्याचा वास असतो त्या जुनिपरचं तेल, सोरा, एका झाडाची राळ, गव्हाचं पीठ, मक्याचा स्टार्च आणि सगळ्यात जास्त मेथीची पूड. हो, आपली मेथी! बाकी राहू दे, पण सोऱ्यात पोटॅशियम असतं आणि खरोखर किडनी गेलेल्या माणसाला तेच बाहेर टाकता येत नाही.

आणि रंगाचं म्हणाल तर ‘डिविट्स’ नावाच्या किडनीच्या गोळ्या होत्या. त्यात मेथिलीन ब्लू हा रंग असायचा. गोळी घेतली की लघवी निळी-हिरवी! जाहिरातीतच सांगायचे, बघा, डोळ्यांनी दिसणारा पुरावा. रंग पोटात गेला, रंग बाहेर आला. आहे काय त्यात?

‘ते अमेरिकेचं झालं,’ असं म्हणणार असाल तर थांबा. आपल्याकडे १९५४चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे. कोणकोणत्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायची नाही, त्याची यादी त्याला जोडलीये. त्यात पाचव्या नंबरवर काय आहे माहितीये? ब्राइट्स डिसीज! योगायोग बघा, त्याच १९५४च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनला एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली गेली आणि ती चालली. म्हणजे कुठे खरा रस्ता उघडत होता तेव्हा आपण निदान खोट्या रस्त्यावर पाटी लावली होती. फॉरवर्ड करणाऱ्यांना ती दिसत नाही, हा भाग वेगळा.

सोमवारी मामाला फोन केला. लेक्चर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त गोष्टी सांगितल्या. तिजोरीवाला, धूमकेतू, निळी लघवी. निळ्या लघवीला तो खो-खो हसला. मेथीशी आल्यावर म्हणाला, ‘म्हणजे तुझ्या मामीच्या डब्यात औषधच आहे की!’ मग बराच वेळ काही बोलला नाही.

‘मामा, तुझ्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलंय का रे?’

उठून चष्मा शोधल्याचा आवाज. मग फ्रिजचं दार. ‘गुप्त फॉर्म्युला, असं लिहिलंय.’

‘आणि बीपी किती आहे आत्ता?’

‘बघितलंच नाही गं दोन महिने.’ परत शांतता. मग हळूच म्हणाला, ‘मला ते मशीनला बांधून घ्यायचं नाहीये, एवढंच.’

हे मात्र मला कुठल्याच जाहिरातीत सापडलं नव्हतं. त्या सगळ्या बाटल्या ज्याच्यावर विकल्या गेल्या ते हेच असणार. मी म्हटलं, ‘नको बांधून घेऊस. त्यासाठीच तर ती बीपीची गोळी आहे.’

गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये. मी सकाळच्या एसटीने जातेय. बाटली घेऊन ये म्हटलंय, डॉक्टरांना दाखवायला. मामीने ती आधीच पिशवीत भरून ठेवलीये.