पदवी आणि उमेदवारी

निवडणुकीचे दिवस आले की आमच्या सुशिक्षित समाजात एक मागणी नेमाने डोके वर काढते. विधानसभेला उभे राहणाऱ्या उमेदवारास पदवीची अट घालावी, ही ती मागणी होय. कचेरीतल्या कारकुनाला परीक्षेची अट आहे, शिक्षकाला आहे, वैद्याला आहे. मग कायदे करणाऱ्यालाच ती का नसावी, असा सवाल मोठ्या अभिनिवेशाने विचारला जातो. २०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते. त्या वेळीही दिवाणखान्यांतून हा सवाल ऐकू येत होता. तो विचारणारे बहुतेक माझ्याच वर्गातले, पदव्या घेतलेले आणि पदव्या देणाऱ्या संस्थांत नोकऱ्या करणारे लोक आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु शुद्ध हेतूने केलेली मागणीही अन्यायाची असू शकते, आणि ही तशी आहे, असे मला स्पष्ट सांगावयाचे आहे.

ह्या मागणीमागचा सर्वांत वजनदार आधार आधी पाहिला पाहिजे. घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाचे भाषण करताना, विधिमंडळाच्या सभासदांसाठी काही पात्रता घटनेत घालता आली नाही ह्याबद्दल खेद व्यक्त केला होता. आमचे मित्र तेवढेच वाक्य उचलतात आणि पुढचे विसरतात. कायदे करणाऱ्याला बुद्धीचे साहित्य तर हवेच, पण त्याहून अधिक समतोल दृष्टी, स्वतंत्र वृत्ती आणि चारित्र्य हवे, अशा आशयाचे ते पुढे बोलले. आणि माणसाचे नैतिक गुण मोजण्याचा गज बनविता येत नाही, हेही त्यांनी त्याच ठिकाणी सांगून टाकले. म्हणजे ज्या गुणांसाठी पात्रता हवी, ते गुण परीक्षेच्या गुणपत्रिकेत उतरत नाहीत, हे त्या खेदामागचे खरे दुःख होते. पदवी हा त्या दुःखावरचा उपाय असे त्यांनी म्हटलेले नाही.

वैद्याची आणि कारकुनाची उपमाही फसवी आहे. वैद्याकडे आपण त्याच्या ज्ञानासाठी जातो. प्रतिनिधीला आपण सभागृहात धाडतो तो आपले दुःख तेथे मांडण्यासाठी. कायद्याचा मसुदा रचणे हे कायदा खात्यातील जाणत्यांचे काम आहे, आणि त्यांना परीक्षा आहेत. तो कायदा उद्या कोणाच्या शेतावरून, कोणाच्या चुलीवरून आणि कोणाच्या मजुरीवरून फिरणार आहे, हे सांगणे सभासदाचे काम. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही आपली म्हण काही निरक्षरांची समजूत घालण्यासाठी झालेली नाही. लोकशाहीचे अर्धे तत्त्वज्ञान तिच्यात आले आहे.

अशा अटीने काय घडते ते पाहण्यास कल्पना लढविण्याची गरज नाही. राजस्थानात २०१४ च्या डिसेंबरात वटहुकूम निघाला आणि पंचायतींच्या उमेदवारांस आठवी किंवा दहावीची अट लागली. हरियाणात २०१५ साली तसाच कायदा झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. बऱ्यावाइटाचा विवेक शिक्षणानेच येतो, असा त्या निकालाचा सूर होता. न्यायालयाचा आदर राखूनही विचारावेसे वाटते की, मग ज्या प्रौढ स्त्रीच्या गावी मुलींची शाळाच नव्हती, जिला लहानपणी घागर आणि विळा देऊन घराबाहेर काढले, तिला विवेक नाही म्हणावयाचे काय? तिला शाळा द्यावयाचे कर्तव्य राज्याचे होते. ते राज्याने पाळले नाही, आणि त्या चुकीची शिक्षा तिला दिली. यातला विनोद असा की, सरपंचाला इयत्तेची अट घालणाऱ्या आमदारांना स्वतःला मात्र कोणतीच इयत्ता पार करावी लागत नव्हती. घटनेच्या १७३ व्या अनुच्छेदाप्रमाणे ते भारताचे नागरिक आणि पंचवीस वर्षांचे असले म्हणजे त्यांच्या शिक्षणाची चौकशी कोणी करीत नाही. राजस्थानाने २०१९ साली ही अट काढून टाकली, हे त्या राज्याचे शहाणपण होय.

उलट बाजूचे दाखले थोडे नाहीत. वसंतदादा पाटील ह्यांचे शाळेतील शिक्षण अगदी थोडे. परंतु १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेल्या ह्या माणसाने पुढे सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि मुख्यमंत्रिपदी असताना १९८३ मध्ये विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. त्या धोरणाचे गुणदोष कोणी काहीही सांगो. ज्या पदवीधरांना आज अशिक्षित आमदार खुपतो, त्यांतील कित्येकांची पदवी त्याच दारातून आलेली आहे. मद्रास राज्यात कामराज १९५४ पासून १९६३ पर्यंत मुख्यमंत्री होते. पोरवयातच शाळा सुटलेल्या ह्या गृहस्थाने गरिबांच्या मुलांना शाळेत दुपारचे जेवण मिळावे ही योजना सरकारी पातळीवर नेली. शाळा सुटण्याचे दुःख त्याला ठाऊक होते, म्हणून शाळा न सुटण्याचा उपाय त्याला सुचला.

आता आपल्या घरात पाहू. पदवीधरांना राज्यकारभारात वेगळा मान असावा, ही इच्छा घटनेने पूर्वीच पुरविली आहे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा असून त्यांपैकी ७ केवळ पदवीधर निवडतात. तेथे अशिक्षितांच्या गर्दीचा प्रश्नच नाही. मतदार सगळे आपल्यापैकी. मग तेथे तरी आदर्श निवडणूक होत असेल? ह्या मतदारयाद्या प्रत्येक वेळी नव्याने कराव्या लागतात, आणि नाव नोंदविण्याचा कंटाळा हा आपल्या वर्गाचा जुना रोग. नोंदविलेल्यांतीलही सर्व जण मतदानाला जात नाहीत. जे जातात त्यांनी उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीक्रमाचे आकडे लिहावयाचे, एवढेच काम. पण २०२३ मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघाची मोजणी झाली तेव्हा हजारो मतपत्रिका बाद ठरल्या. ज्यांना एक, दोन, तीन हे आकडे सूचनेप्रमाणे लिहिता येत नाहीत, त्यांनी इतरांच्या इयत्ता मोजाव्या, हे शोभत नाही.

मग उमेदवार कसाही चालेल काय? मुळीच नाही. परंतु कसोटी कोणती, हे आपली भाषाच सांगते. इंग्रजीत उमेदवाराला जो शब्द आहे तो रोमन लोकांच्या पांढऱ्या झग्यावरून आला. पदासाठी उभा राहणारा मनुष्य तो झगा घालून हिंडे. आपण तो झगा तेवढा नेमका उचलला. ‘उमेदवार’ हा आपला शब्द मात्र फारशीतून आला, आणि आशा धरणारा हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत आल्यावर त्याला आणखी एक अर्थ जडला. वकिलाच्या, छापखान्याच्या किंवा सुताराच्या हाताखाली काही वर्षे बिनपगारी अथवा नाममात्र वेतनावर काम शिकणे, ह्याला आपण उमेदवारी करणे म्हणतो. आज पक्षाचे तिकीट मिळाले की उमेदवारी मिळाली म्हणतात; पण जी करावयाची असते ती मिळेल कशी?

विधानसभेच्या उमेदवाराची अशी उमेदवारी करण्याच्या शाळा आहेत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, सहकारी सोसायटी ह्या त्या शाळा होत. तेथे पाण्याच्या टाकीचा हिशेब द्यावा लागतो, विरोधकाच्या तोंडाकडे पाहून बोलावे लागते, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी चावडीवर जाब द्यावा लागतो. महाराष्ट्राने २०११ पासून ह्या संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या. त्यांतून हजारो बायकांनी खरी उमेदवारी केली. तरी २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी निवडून आलेल्या स्त्रिया २१. ज्यांनी काम शिकून घेतले त्यांना डावलून पुत्र, पुतणे आणि सुना पुढे करण्यात येतात. त्यांतील पुष्कळांपाशी उत्तम पदव्या आहेत, परदेशच्याही आहेत. पदवीच्या अटीने त्यांतील एकही गळणार नाही. गळेल ती पंधरा वर्षे पंचायतीत राबलेली बाई. आणि ही शाळाच आपण बंद पडू दिली, ते वेगळे! मुंबई महानगरपालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. नवी निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका प्रशासकाच्या हाती होती, आणि उमेदवारांच्या पदव्यांची काळजी वाहणाऱ्या सुशिक्षितांना त्याची झोपमोड झाली नाही.

वाचकांनी म्हणून नवी अट मागण्याऐवजी हाती असलेली साधने वापरावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले शपथपत्रावर सांगावे लागतात. ती पत्रे कोणासही पाहता येतात. ती चाळणाऱ्यास हेही दिसेल की, पदवी आणि खटला एकाच माणसाच्या नावावर सुखाने नांदू शकतात. मत मागावयास जो दारी येईल त्याला इयत्ता विचारू नये. त्याने आजवर कोणत्या संस्थेचा हिशेब ठेवला, कोणासाठी कोणत्या कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या, आणि मागे निवडून आला असल्यास सभागृहात कोणत्या प्रश्नावर तोंड उघडले, एवढे विचारावे. उत्तर अडखळत, गावरान बोलीत आले तरी ते ऐकून घ्यावे. ते ऐकण्याइतके शिक्षण आपल्याला मिळाले आहे काय, ह्याची परीक्षा मात्र त्या वेळी आपलीच होणार आहे.