मंदावलेली हार्डडिस्क आणि एक साधी केबल

महिन्याची २० तारीख जवळ आली की व्यापाऱ्यांच्या घरी ताटे उशिरा वाढली जातात, हे भगिनीवर्गास वेगळे सांगावयास नको. जीएसटीचे ३बी विवरण त्या दिवसापर्यंत भरावयाचे असते. अशाच एका १८ तारखेस जालन्याच्या मोंढ्यातील आमच्या आडत पेढीवरचा संगणक अडून बसला. टॅली उघडण्यास पूर्वी दहा-बारा सेकंद पुरत. आता सहा-सात मिनिटे लागू लागली. खतावणी काढली की पडदा गोठल्यासारखा होई आणि मुनीमजी तेवढ्यात चहा घेऊन परत येत. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा मात्र अखंड तेवत होता.

जवळच्या एका दुरुस्ती करणाराने यंत्र न उघडताच निदान केले : "डिस्क गेली. नवा संगणक घ्या. जुना डाटा निघाला तर निघाला." त्या अखेरच्या वाक्याने पोटात गोळा आला. आठ वर्षांचे हिशेब त्या एकाच डिस्कवर होते आणि शेवटची प्रत दिवाळीच्या वहीपूजनाच्या आदल्या दिवशीची. वह्यांबरोबर आता आपण संगणकालाही कुंकू लावतो. त्याची प्रत काढून ठेवण्याचे मात्र वर्षभर कुणाच्या मनात येत नाही.

पुतण्या अभियांत्रिकीला आहे. तो रात्री आला आणि म्हणाला, "काका, आधी कशालाही हात लावू नका. टॅलीचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ, मग दुखणे पाहू." एरवी पाच मिनिटांच्या त्या कामास दोन तास लागले, पण प्रत हाती आल्यावर मला रात्री झोप तरी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य मिळणारे साधन चालवले. डिस्कची प्रकृती 'चांगली' होती. रीअॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरांचे आकडे शून्य, म्हणजे चकतीवर जखम नव्हती. परंतु 'ट्रान्सफर मोड' या ओळीत 'सॅटा/१५०' आणि त्यापुढे 'सॅटा/६००' असे दोन आकडे दिसत होते. यातील डावा आकडा सध्या चाललेल्या वेगाचा, तर उजवा डिस्कच्या ऐपतीचा. आणखी खाली 'सी७' क्रमांकाच्या ओळीत सीआरसी चुकांची संख्या होती. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हा ती वाढलेली दिसली.

या आकड्यांचा अर्थ असा. सॅटा जोडणीचे तीन वेग आहेत : सेकंदाला १.५, ३ आणि ६ गिगाबिट. आठ बिटांचा माल पाठवण्यास वाटेत दहा बिट खर्ची पडतात, म्हणजे शेकडा वीस कडता कापला जातो. म्हणून प्रत्यक्ष वेग १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइट. यंत्र सुरू होताना डिस्क आणि मदरबोर्ड आपसांत सौदा करून वेग ठरवतात. जोडणी कच्ची असेल तर सौदा खालच्या भावाने तुटतो. वाटेत डाटा बिघडला की सीआरसी तपासणीत तो पकडला जातो आणि तीच खेप पुन्हा मागवली जाते. हिशेब चुकत नाही, पण वेळ जातो. आमची फिरत्या चकतीची डिस्क मुळातच १२० मेगाबाइटच्या आसपास धावणारी, तेव्हा १५०च्या मर्यादेने तिला काचण्याचे कारण नव्हते. तिला मारत होत्या त्या परत परत मागवलेल्या खेपा. घसरलेला वेग हे केवळ लक्षण होते.

हा रोग जुनाच आहे. विंडोज एक्सपीच्या काळात रुंद पट्टीसारखी आयडीई केबल असे. तेव्हा डीएमए पद्धतीत डिस्क आपला माल थेट स्मृतीत उतरवी. पीआयओ पद्धतीत मात्र प्रत्येक पोते प्रोसेसरला स्वतः उचलावे लागे, जणू गादीवरच्या शेठजींनीच हमाली करावी. सीआरसीच्या किंवा वेळ टळण्याच्या सहा चुका साठल्या की विंडोज एक पायरी खाली उतरे, आणि असे उतरत उतरत पीआयओवर येऊन थांबे. तेथे कमाल वेग अवघा १६.६ मेगाबाइट. पुढे केबल बदलली तरी विंडोज जुनी नोंद सोडत नसे. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून संगणक पुन्हा सुरू करावा लागे. अल्ट्रा डीएमए ६६ आणि त्यापुढच्या वेगांसाठी ८० तारांची केबल लागत असे, आणि ४० तारांची स्वस्त पट्टी लावून कित्येकांनी नव्या डिस्कची बैलगाडी केली होती.

आमचे कॅबिनेट उघडले तेव्हा मोंढ्याचा सारा हंगाम आत बसलेला दिसला : धूळ, भुसा, सरकीचे तंतू. सॅटा केबल झाकणाखाली दबून काटकोनात मुडपली होती. नवी, चापाची केबल शंभर रुपयांना आली. वीजपुरवठा पूर्ण बंद करून ती बसवली आणि मदरबोर्डावरचे पोर्टही बदलले. पोर्ट बदलण्याचा आग्रह पुतण्याचा, आणि तो अनाठायी नव्हता. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने स्वतःच जाहीर केले होते की तिच्या ६-मालिकेच्या चिपसेटमधील ३ गिगाबिटची सॅटा पोर्टे कालांतराने क्षीण होऊ शकतात. ६ गिगाबिटची दोन पोर्टे त्या दोषापासून मुक्त होती. दुरुस्ती आणि बदलीसाठी कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलरांचा खर्च धरला होता. तेव्हा जगातील सर्वांत मोठ्या असलेल्या चिप कारखान्याचेही पोर्ट बिघडले, तर मोंढ्यातल्या धुळीतले का बिघडू नये?

संगणक सुरू केला. दोन्ही बाजूंना 'सॅटा/६००' उमटले आणि टॅली अकरा सेकंदांत उघडली. विवरण १९ तारखेच्या सायंकाळीच भरून झाले.

आपल्या पेढीवर डाव्या बाजूस ३०० दिसले आणि काम सुरळीत चालले असेल तर फिरत्या डिस्कसाठी जिवाला घोर लावू नये. एसएसडी असेल तर मात्र तिला ६ गिगाबिटचे पोर्टच द्यावे. ती ५५० मेगाबाइटपर्यंत धावू शकते. पेंडिंग सेक्टरांचा आकडा शून्याहून अधिक असेल तर केबलच्या नादी न लागता डाटा काढून डिस्क बदलावी. आणखी एक : कुणाच्या सांगण्यावरून बायोसमधील आयडीई मोड बदलून एएचसीआय करू नये. विंडोजची पूर्वतयारी नसेल तर निळा पडदा येतो आणि संगणक सुरूच होत नाही.

सी७चा आकडा मागे फिरत नाही. दुरुस्ती झाली तरी जुनी संख्या तशीच राहते, फक्त वाढ थांबावयास हवी. आमचे मुनीमजी दर महिन्याच्या १ तारखेस तो आकडा रोजमेळाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिपून ठेवतात, आणि त्याच दिवशी पेनड्राइव्ह भरून माझ्या हाती देतात.