सेफ्टी ऑफिसर व्हायचंय? मग हे वाचा
‘डॉक्टर, तीन महिन्यांचा सेफ्टीचा कोर्स केला की कारखान्यात नोकरी लागेल ना?’ पणदऱ्यातली, हातातल्या कामाला कंटाळलेली मुलं हल्ली हे विचारतात. माझं उत्तर: नाही, आणि लागूही नये.

मळीची बंद टाकी घ्या. आत हायड्रोजन सल्फाइड साठू शकतो. आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. तिथे साहेबालाही ‘थांबा, आधी वायू मोजा’ असं सुनावणारा माणूस लागतो. तो फीची पावती फाडून तयार होत नाही.

राज्याच्या १९८२च्या नियमांनीही नुसता कागद मागितला नव्हता. शिक्षणासोबत कारखान्यात देखरेखीचा अनुभव, औद्योगिक सुरक्षेची मान्य पदविका, शिवाय बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. म्हणून इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेल्या, पंधरा वर्षं पाळ्या केलेल्या सुपरवायझरने इकडे जरूर वळावं. (हो, चाळिशीतही!) मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत ही पदविका करता येते.

बाकीच्यांनी फी भरण्याआधी क्लासवाल्याकडून लेखी घ्या: हे प्रमाणपत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला चालतं का?