चिपळूण नगरपरिषद निवडणूक : उमेदवारांसमोर ठेवलेले मागणीपत्र

प्रति,
नगराध्यक्ष व नगरसेवक पदांचे सर्व उमेदवार, चिपळूण
प्रत : मुख्याधिकारी तथा प्रशासक, चिपळूण नगरपरिषद

विषय : पूरसुरक्षा, बाजारपेठ, पर्यावरण व नागरी कारभार यांविषयी लेखी बांधिलकी मिळण्याबाबत

येत्या २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदेसाठी मतदान आहे. मागील सभागृहाची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद २४३-यू सांगतो. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे आम्ही जाणतो. त्याचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण २२ जुलै २०२१ चा महापूर ओसरून पाच महिने होतात तोच सभागृह संपले आणि शहर सावरण्याची पुढची चार वर्षे लोकनियुक्त सभागृहाविना गेली. एवढी वाट पाहिल्यानंतर आम्ही कोणाकडे मेहेरबानी मागत नाही. आमच्या संघटनेच्या शहरातील व्यापारी आणि रहिवासी सभासदांच्या वतीने ज्या अटींवर मत मागितले जावे असे आम्हाला वाटते, त्या येथे मांडतो.

पहिला विषय अर्थातच वाशिष्ठी नदीच्या पुराचा. २००५ नंतर २०२१. दुसऱ्या वेळी पाणी रात्रीतून चढले, बाजारपेठेत तळमजले बुडाले आणि आगारातली रोकड वाचवण्यासाठी एसटीचे कर्मचारी बसच्या टपावर बसून राहिले. हे शहराला पुन्हा सांगायची गरज नाही. उमेदवारांना मात्र आहे, कारण ‘नदी जलसंपदा खात्याची, धरण वीजनिर्मितीचे, आमच्या हातात काय?’ हे उत्तर आम्ही तोंडपाठ ऐकले आहे. हातात काय आहे, ते आम्हीच सांगतो.

कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीत येते. त्यात सह्याद्रीचा पाऊस आणि दाभोळ खाडीची भरती एकाच वेळी जुळली की शहराला पळायला जागा उरत नाही. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर. या दोन आकड्यांमध्ये जो वेळ मिळतो तेवढाच दुकानदाराच्या हाती असतो. तळमजल्यावरच्या किराणा दुकानातल्या ५० किलोच्या गोण्या दोन माणसांनी जिन्याने माळ्यावर चढवायच्या म्हटल्या तर चार-पाच तास सहज जातात. रात्री दोनला मोबाइलवर आलेला संदेश झोपलेल्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

म्हणून मागणी अशी : १ जून ते ३० सप्टेंबर या काळात नगरपरिषदेचा पूर नियंत्रण कक्ष चोवीस तास चालावा. कोळकेवाडीतून किती पाणी सोडले, बाजारपुलाजवळ पातळी किती आणि भरती किती वाजता, या तीन गोष्टी पातळी ५ मीटरला पोहोचताच दर अर्ध्या तासाने जाहीर व्हाव्यात. रात्री भोंगा वाजावा आणि ध्वनिक्षेपकाची गाडी बाजारपेठ, पेठमाप, मुरादपूर, खेंड या भागांत फिरावी. वाहने हलवण्यासाठी उंचावरच्या जागा मे महिन्यातच ठरवून तेथे फलक लावावेत. यातल्या कशालाही मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

गाळाचा प्रश्न खर्चाचा आणि लांबचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये शहराने साखळी उपोषण केले, तेव्हा कुठे गाळ काढण्याच्या कामाने वेग घेतला. काम जलसंपदा विभागाचे, हे खरे. पण काठावरच ढीग मारलेला गाळ पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा पात्रात उतरतो आणि बिल मात्र निघून गेलेले असते. नव्या सभागृहाने पहिल्याच सर्वसाधारण सभेत ठराव करून शासनाकडे दोन गोष्टी मागाव्यात : काढलेला गाळ पूररेषेबाहेर नेण्याची अट, आणि कामापूर्वीच्या व नंतरच्या पात्राच्या मापांची प्रसिद्धी. शिवनदी व शहरातील नाल्यांची सफाई मात्र थेट नगरपरिषदेची. ती ३१ मेपूर्वी पूर्ण व्हावी. मोजमाप पुस्तिकेतील नोंदीवर त्या प्रभागातील दोन नागरिकांची सही असल्याशिवाय देयक अदा करू नये.

पूररेषेवर आमची भूमिका काहींना रुचणार नाही. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बाजारपेठेचा मोठा भाग या रेषांत अडकल्याने जुन्या, कमकुवत इमारतींची पुनर्बांधणी रखडते. रेषा पुसून टाका, असे आम्ही म्हणत नाही. पाणी नकाशा वाचून येत नाही. मागणी एवढीच की अधिकृत जुन्या इमारतीच्या मालकाला जोते लाल रेषेच्या वर ठेवण्याच्या अटीवर पुनर्बांधणीचा मार्ग मिळावा, निर्णय ६० दिवसांत लेखी कळावा आणि नाकारल्यास कारण द्यावे. निळ्या रेषेच्या आत नवा भराव मात्र कोणालाही, आमच्या सभासदालाही, करू देऊ नये.

पुराच्या वर्षी बंद पडलेल्या दुकानाकडून पूर्ण मालमत्ता कर घेणे न्याय्य नाही. पंचनामा झालेल्या तळमजल्यांना त्या वर्षी ५० टक्के सवलत द्यावी आणि महसुलातील तूट भरून मिळण्यासाठी शासनाकडे प्रस्ताव पाठवावा. सवलत पंचनाम्यावर ठरेल, ओळखीवर नाही.

फेरीवाल्यांशी आमचे भांडण नाही, अव्यवस्थेशी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असले पाहिजेत आणि त्यांत एकतृतीयांश महिला. विक्रेत्यांना सामावून घेण्याची कमाल मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के. २०११ च्या जनगणनेतील सुमारे ५५ हजार लोकसंख्या धरली तर ती साधारण १,३७५ होते. सर्वेक्षण करून जागा आखाव्यात, ओळखपत्रे द्यावीत आणि चिंचनाक्यासारख्या चौकांत पादचाऱ्यांची वाट मोकळी ठेवावी. बाजारपेठेत माल उतरवण्याची वेळ सकाळी ९ पर्यंत ठरवावी. ती पाळण्याची जबाबदारी आमची.

प्लास्टिकबंदी राज्यात मार्च २०१८ पासून आहे. १२० मायक्रॉनखालील पिशव्यांवर डिसेंबर २०२२ अखेरपासून देशभर बंदी आहे. तरी पहिल्या गुन्ह्याचा ५,००० रुपयांचा दंड बहुधा भाजीवाल्या मावशीच्या वाट्याला येतो आणि पिशव्यांची पोती पुरवणारा सुटतो. कारवाई घाऊक पुरवठादारापासून सुरू करावी. आमच्या सभासद दुकानांत अशी पिशवी सापडली तर संघटना त्या दुकानदाराची बाजू घेणार नाही.

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची सक्ती २०१६ च्या नियमांत आहे. रहिवासी वेगळा करून देतील. गाडीत तो एकत्र होणार नाही, याची हमी सभागृहाने द्यावी. मच्छी मार्केटचा ओला कचरा दुपारनंतर पडून राहू नये. पन्नास वर्षांवरील वृक्षांना राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने ‘हेरिटेज’ दर्जा मिळाला आहे. त्यांची प्रभागवार यादी सहा महिन्यांत जाहीर व्हावी.

शेवटची मागणी कारभाराची. प्रभाग समित्यांची संविधानातील सक्ती तीन लाखांवरील शहरांपुरती आहे, म्हणजे चिपळूणला नाही. पण मनाईही नाही. प्रत्येक नगरसेवकाने दर तीन महिन्यांनी आपल्या प्रभागात सभा घ्यावी, तिचे इतिवृत्त पंधरा दिवसांत सूचना फलकावर लावावे आणि २०२६-२७ चा अर्थसंकल्प मंजूर होण्यापूर्वी त्याचा मसुदा किमान २१ दिवस हरकतींसाठी खुला ठेवावा.

वरील प्रत्येक मागणीपुढे ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे लिहून, अमान्य असल्यास कारणासह, सहीनिशी उत्तर २६ नोव्हेंबरपर्यंत द्यावे. ‘अमान्य’ लिहिणाऱ्याचा आम्हाला राग नाही. निदान तो कुठे उभा आहे ते कळते. आलेली उत्तरे जशीच्या तशी बाजारपेठेतील फलकावर लावली जातील. ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांच्या नावापुढे ‘उत्तर नाही’ एवढेच लिहिले जाईल.

सभासदांच्या वतीने,
अध्यक्ष व कार्यकारिणी
चिपळूण, नोव्हेंबर २०२५