जमीन बिनशेती होताना विहिरीचा विचार कोण करतो?

भिवंडी तालुक्यात जमिनीचा भाव वाढला की पहिली चर्चा पैशाची होते. कुणाची किती गुंठे गेली, दर काय मिळाला, गोडाऊन किती फुटांचे होणार. त्या जमिनीच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरीची चर्चा मात्र होत नाही. दोन-तीन पावसाळे उलटतात, मार्चमध्येच विहिरीचा तळ दिसू लागतो, मग चर्चा सुरू होते. पण तोवर परवानगी मिळालेली असते, भराव झालेला असतो आणि गोडाऊनवर पत्रा चढलेला असतो.

दिघाशी, अंबाडी या पट्ट्यातल्या आपल्या तरुणांनी हा विषय आत्ताच समजून घेतला पाहिजे. गोडाऊनांची पहिली लाट काल्हेर, कशेळी, राहनाळ, माणकोली, पूर्णा अशा शहराजवळच्या गावांत आली. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत खुला झाला. मुंबई-वडोदरा महामार्गही याच तालुक्यातून जातो आहे. रस्त्यामागून गोडाऊन येते, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण पाहिले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख गोडाऊनच्या विरोधात नाही. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी मुले-मुली याच गोडाऊनांत पॅकिंग, लोडिंग, सुपरवायझरची कामे करतात. त्या पगारावर घरे चालतात. प्रश्न गोडाऊन हवे की नको एवढाच नाही. ते कुठे, कोणत्या अटींवर आणि कुणाला विचारून, हा खरा प्रश्न आहे.

भराव पडला की विहिरीला काय होते

कोकणपट्टीत पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात टँकर लागतो. याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. आपल्याकडे काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. हा थर पातळ असतो. पावसाचे बहुतेक पाणी ओढ्या-नाल्यांतून नदीला आणि नदीतून खाडीला जाते. जे थोडे मुरते, त्यावरच विहीर आठ-नऊ महिने काढते.

हे मुरवण्याचे काम भाताची खाचरे करतात. बांध घातलेल्या खाचरात पावसाळाभर पाणी उभे राहते आणि हळूहळू खाली झिरपते. तिथे पाच-सहा फूट भराव टाकून, दाबून, वर काँक्रीट आणि पत्रा आला की ते पाणी गटारातून निघून जाते. नैसर्गिक नाला वळवला गेला तर खालच्या विहिरीला येणारी ओलही तुटते. त्यातच गोडाऊनसाठी खोल बोअर मारली, तर भेगांतले पाणीही खेचले जाते. साठवलेला माल रसायनाचा असेल, तर जे काही मुरते तेही पिण्याच्या लायकीचे राहत नाही.

म्हणून एखाद्या भूखंडाची फाईल बघताना तो गावाच्या पाणवठ्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हा प्रश्न पहिला यायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा येतच नाही.

फाईलवर कोण असतो, कोण नसतो

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 44 मध्ये बिनशेती परवानगीची पद्धत दिली आहे. जमिनीचा धारक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो आणि निरनिराळ्या खात्यांचे अभिप्राय घेऊन निर्णय होतो. अर्जाची पोच मिळाल्यापासून 90 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. सरकारी खात्याच्या दिरंगाईचा त्रास अर्जदाराला होऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण त्याच दिरंगाईचा त्रास खालच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला झाला तर काय, याचे उत्तर त्या कलमात नाही.

पुढे ही पद्धतही बदलत गेली. 1994 मध्ये आलेल्या कलम 44-अ ने औद्योगिक पट्ट्यातल्या खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराला आधी परवानगी घेण्याची गरज ठेवली नाही. 2014 मध्ये कलम 42-अ आले, 2017 मध्ये 42-ब, 42-क आणि 42-ड. या सगळ्याचा सारांश असा: विकास योजना किंवा प्रादेशिक योजनेत जमिनीचा जो वापर दाखवला आहे, त्या वापरासाठी वेगळ्या बिनशेती परवानगीची गरज जवळपास संपली. ठरलेली रक्कम भरली की काम झाले. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनींनाही निवासी वापरासाठी अशीच सवलत आहे. आपल्या बहुतेक जुन्या विहिरी नेमक्या याच 200 मीटरच्या पट्ट्यात असतात.

कार्यकर्त्यांनी यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. "परवानगीची नोटीस येईल तेव्हा बघू" ही सवय आता उपयोगाची नाही. निर्णयाची जागा सरकली आहे. ती भूखंडाच्या फाईलवरून योजनेच्या नकाशावर गेली आहे. नकाशात हिरवा पट्टा पिवळा किंवा जांभळा होतो, तो खरा निर्णयाचा दिवस. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे योजना तयार होताना हरकती-सूचना मागवाव्या लागतात. प्रादेशिक योजनेत कलम 20 खाली आणि विकास योजनेत कलम 37 खाली फेरबदल करतानाही त्या मागवल्या जातात. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापून येते. भिवंडीभोवतालच्या 60 गावांसाठी एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. उरलेल्या गावांचा कारभार वेगळा. आपले गाव कुणाच्या अखत्यारीत येते, हे प्रत्येक तरुण मंडळाला तोंडपाठ हवे.

आता यातली जातीची बाजू पाहू. या सगळ्या पद्धतीत ज्याच्या नावावर सातबारा आहे तो 'हितसंबंधी' ठरतो. बौद्धवाडीतल्या आणि कातकरी पाड्यातल्या बहुतेक घरांकडे सातबारा नाही, किंवा असला तरी तुकड्याचा. त्यांचा त्या जमिनीशी संबंध मालकीचा नाही, पाण्याचा आहे. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कायदा इथे धारणेला ओळखतो, वापराला ओळखत नाही. त्यामुळे ज्यांचे सर्वाधिक नुकसान होणार, त्यांचे नाव फाईलवर कुठेच नसते. पैसेवाल्या घरांनी बोअर मारलेली असते, ते आणखी शंभर फूट खाली जातात. सार्वजनिक विहिरीवर शेवटपर्यंत अवलंबून राहतात ती आपली माणसे, आणि त्यातही बायका.

महाडचा खटला पुन्हा वाचूया

20 मार्च 1927 आपल्याला पाठ आहे. त्यानंतरची दहा वर्षे तितकी पाठ नाहीत, आणि आजच्या प्रश्नाला तीच जास्त उपयोगी आहेत. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून तळे सर्वांना खुले केले होते. सत्याग्रहानंतर, 4 ऑगस्ट 1927 ला, तोच ठराव तिने मागे घेतला. म्हणजे स्थानिक संस्थेने कागदावर दिलेला हक्क कागदावरच काढून घेतला. त्यानंतर डिसेंबरमध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला.

त्या दाव्यात मुद्दा काय होता? तळे कुणाचे, आजूबाजूची जमीन कुणाची, वहिवाट किती जुनी आणि तिला पुरावा काय. बाबासाहेबांनी हा खटला घोषणांवर लढवला नाही. नोंदी, नकाशे, दस्तऐवज आणि साक्षी यांवर लढवला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अस्पृश्यांना वगळण्याची पूर्वापार रूढी सिद्ध झालेली नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, म्हणजे सार्वजनिक, हे त्या निकालाच्या मुळाशी होते.

आज आपल्याला पाण्याला हात लावायला कुणी उघडपणे मनाई करत नाही. पाणीच तिथून नाहीसे होते. पण लढ्याची रीत बदललेली नाही. विहीर सार्वजनिक आहे, तिच्यावर इतकी घरे अवलंबून आहेत आणि तिला पाणी अमुक बाजूने येते, हे कागदावर आहे का? नसेल तर उद्या सुनावणीत आपण फक्त हात जोडून उभे राहू.

न्यायालये काय म्हणाली आहेत

हैदराबादला पिण्याचे पाणी देणाऱ्या उस्मानसागर आणि हिमायतसागर या तलावांभोवती 10 किलोमीटरच्या आत प्रदूषणकारी उद्योगांना 1996 च्या सरकारी आदेशाने मनाई होती. तरीही सरकारने एका तेल कारखान्याला सूट दिली. डिसेंबर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पिण्याच्या पाण्याला धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रकल्पवाल्याची आहे, तक्रारदाराची नाही, हे तत्त्व याच खटल्यात ठामपणे मांडले गेले. पुढे 2022 मध्ये तेलंगणा सरकारने तो 1996 चा आदेशच बाजूला सारला. निकाल जिंकूनही राखण करत राहावे लागते, हा त्यातला दुसरा धडा.

महाराष्ट्रातही असेच झाले. नदीच्या वर्गवारीप्रमाणे तिच्यापासून किती अंतरावर कोणता उद्योग चालेल, हे ठरवणारे नदी नियमन क्षेत्र धोरण आपल्याकडे होते. फेब्रुवारी 2015 मध्ये राज्य सरकारने ते रद्द केले. प्रदूषण मंडळाची संमती आणि केंद्राचे कायदे पुरेसे आहेत, असा त्यामागचा सूर होता. पण संमती एकेका कारखान्याची तपासली जाते. एका नाल्यावर वीस शेड उभ्या राहिल्या तर एकत्रित परिणाम कोण तपासणार?

उलट दिशेचा एक ताजा निर्णयही सांगायला हवा. 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. औद्योगिक शेड आणि शिक्षणसंस्थांच्या इमारतींना त्यातून दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने 5 ऑगस्ट 2025 ला रद्द केली. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाचा हा निकाल आहे. मोठ्या शेडची फाईल समोर आली तर हा मुद्दा हरकतीत जरूर घ्यावा.

आणि केरळमधले प्लाचिमडा विसरू नये. पेरुमट्टी ग्रामपंचायतीने 2000 मध्ये कोकाकोलाला परवाना दिला. विहिरींचे पाणी आटले, बिघडले. 2002 मध्ये आदिवासी बायका कारखान्याच्या दारात बसल्या. 2003 मध्ये त्याच ग्रामपंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि मार्च 2004 मध्ये कारखाना बंद पडला. ग्रामपंचायत एकदा चुकली म्हणून कायमची बांधली जात नाही.

मुंबईच्या नळाला एक न्याय, पाड्याला दुसरा

ठाणे जिल्ह्यात पाणी नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही. तानसा धरण 1892 मध्ये मुंबईसाठी बांधले गेले. भातसाचे पाणी भिवंडी तालुक्यातल्या पिसे इथे उचलून पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईला जाते. मुंबईला रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी मिळते. त्या धरणांच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला 55 लिटरचे उद्दिष्ट आहे. नळ बसला तरी त्याला पाणी देणारा स्रोत तीच विहीर, तीच बोअर असते. स्रोत सुकला की नळ भिंतीवरची खुंटी होतो.

करायचे काय

पहिले, पाणवठ्यांची नोंद. वस्तीतली प्रत्येक सार्वजनिक विहीर, हातपंप, झरा यांची यादी, अवलंबून असलेली घरे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, हे लिहून ग्रामसभेत ठराव करून घ्या. विहीर ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत आहे का, ते तपासा.

दुसरे, भूजल कायदा. सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदायला 1993 च्या कायद्याने बंधन घातले होते. त्याची जागा घेणारा 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू आहे. त्यातही पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांना संरक्षण आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे लेखी मागणी करा. मात्र हे कायदे मुख्यतः शेजारच्या विहिरी-बोअर रोखतात. वरच्या खाचरावर पडणाऱ्या भरावाला ते पुरे पडत नाहीत. म्हणून तिसरे काम.

तिसरे, ना-हरकत दाखला अटींसह. ग्रामपंचायतीचा दाखला मासिक सभेत गुपचूप जाऊ नये, ग्रामसभेत वाचला जावा. नाला न वळवणे, छताचे पाणी जमिनीत मुरवणे, बोअरला मर्यादा, रसायन साठवायला मनाई, पाणवठ्याची दरवर्षी तपासणी, अशा अटी लेखी घाला. नुसता विरोध फेटाळणे सोपे असते. नेमकी अट फेटाळताना अधिकाऱ्याला कारण लिहावे लागते.

चौथे, पेसा. भिवंडी तालुक्यातली 72 गावे 1985 च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. आपले गाव त्या यादीत आहे का ते बघा. असेल तर 1996 च्या कायद्याने आणि 2014 च्या राज्य नियमांनी लहान पाणवठ्यांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला ठोस स्थान दिले आहे. तिथे आदिवासी बांधवांबरोबर एकत्र बसल्याशिवाय आपले काम होणार नाही.

पाचवे, पाण्याचा दाखला. पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपून ठेवा. आधी पाणी चांगले होते, हे उद्या दुसरे कशाने सिद्ध होणार?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरचा शाक्य-कोलियांचा तंटा हे सांगितले आहे. सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत उभे राहिले, बहुमत विरोधात असतानाही बोलले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. पाण्याचा निर्णय जिथे होतो त्या सभेत हजर राहायचे आणि तोंड उघडायचे, हे आपल्याकडे तेव्हापासून चालत आले आहे. ग्रामसभेला गेलो नाही तर आपल्या वतीने दुसरे कुणी बोलणार नाही. पुढची ग्रामसभा कधी आहे, ते आजच विचारा.

जय भीम!