फाडलेल्या पत्राचा वाचक

लॉरा मल्व्ही यांचा १९७५ साली 'स्क्रीन'मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध चित्रपटसमीक्षेत प्रमाणग्रंथाच्या जागी जाऊन बसला, त्याला आता दशके लोटली. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ची (१९५८) चर्चा त्याला वळसा घालून करता येत नाही, करूही नये. पुरुषाची नजर हीच प्रेक्षकाची नजर ठरते, हे त्यातील प्रमेय चित्रपटाच्या पूर्वार्धाला चपखल लागू पडते. उंचीच्या भयामुळे पोलिसातली नोकरी सोडलेला स्कॉटी मित्राच्या पत्नीचा, मॅडेलिनचा, सॅन फ्रान्सिस्कोभर मूक पाठलाग करतो आणि प्रेक्षक त्याच्या मोटारीच्या काचेतून तिला न्याहाळत राहतो. मात्र या नजरेला ज्यूडीचे एक पूर्वदृश्य तेवढे अपवाद आहे, अशी ओझरती नोंद करून निबंध पुढे सरकतो. ज्या खांबावर उत्तरार्धाचे छप्पर तोललेले आहे तोच अपवाद म्हणून बाजूला ठेवायचा आणि मग साऱ्या वास्तूविषयी निर्वाळा द्यायचा, हे समीक्षेच्या कोणत्या शिस्तीत बसते?

तो अपवाद नीट पाहावा. मॅडेलिनच्या मृत्यूनंतर स्कॉटीला तिच्यासारखी दिसणारी ज्यूडी भेटते. तो तिच्या हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडतो. कॅमेरा त्याच्यामागे न जाता ज्यूडीपाशी थांबतो. ती वळते, आणि घंटाघराच्या माथ्यावर काय घडले ते प्रेक्षकाला दिसते : मॅडेलिन म्हणून वावरणारी ज्यूडीच होती, खाली फेकले गेले ते खऱ्या पत्नीचे कलेवर. मग ती कबुलीचे पत्र लिहिते आणि फाडून टाकते. त्या पत्राला एकच वाचक लाभतो, तो म्हणजे प्रेक्षक.

ब्वालो-नार्सजाक यांच्या १९५४ च्या मूळ कादंबरीत हा उलगडा अखेरीस होतो. हिचकॉकने तो अलीकडे आणून धक्का गमावला व उत्कंठा मिळवली, एवढे सांगून पाठ्यपुस्तकी विवेचन थांबते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्यूडीचे गुपित हाती येताच प्रेक्षक स्कॉटीपासून तुटतो. करड्या पोशाखासाठी दुकानात चाललेला त्याचा हट्ट, केसांचा रंग, अखेर तो अंबाडा : हे सारे पूर्वार्धात आले असते तर प्रेमवेड म्हणून खपले असते. आता डोळे ज्यूडीच्या चेहऱ्यावर खिळतात. एका पुरुषाने पैशासाठी घडवलेली भूमिका दुसरा पुरुष प्रेमापोटी तिच्यावर पुन्हा लादतो आहे. हिरव्या प्रकाशातून ती बाहेर येते तेव्हा स्कॉटीला मृत प्रेयसी परतलेली दिसते, प्रेक्षकाला एक जिवंत स्त्री पुसली गेलेली.

स्कॉटीबरोबर पाहणाऱ्याला अखेर आपल्या सहभागाची जाणीव होते, हे मल्व्हींनाही मान्य आहे. पण ही जाणीव स्कॉटीच्या नजरेतून कशी यावी? ती फाडलेल्या पत्रातून येते. टॅनिया मॉडलेस्की यांनी १९८८ मध्येच या एकसुरी पुरुषदृष्टीला हरकत घेतली होती. तरीही वर्गावर्गांतून जुनाच निवाडा वाटला जातो.

याचा अर्थ हा चित्रपट ज्यूडीचा कैवारी आहे, असा मुळीच नव्हे. आरशात हार दिसून स्कॉटीला अभिज्ञान घडते, त्या क्षणी सूत्रे पुन्हा त्याच्या हाती जातात आणि ज्यूडी त्याच मनोऱ्यावरून पडून मरते. शेवटच्या चौकटीत स्कॉटी कडेवर उभा राहून खाली पाहतो. त्याला काय दिसते, ते मात्र प्रेक्षकाला दाखवले जात नाही.